बिल्ला अंगावर कुठे होता? लष्करी बिल्ले जमवू पाहणाऱ्या खान्देशातल्या नव्या मंडळींसाठी

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. त्याच्या कडेने साजाची दुकानं लागतात: लगाम, रिकिबी, खोगीर, घुंगरांचे पट्टे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका जुन्या चामडी पट्ट्यावर ओळीने ठोकलेल्या पितळी फुलांत मला एक फूल वेगळं दिसलं. बाकीची ओतलेली, जाड, कडेला खरबरीत. हे मात्र पातळ, फुगीर, आणि मधोमध मुकुटाच्या झिजलेल्या रेषा. दुकानदाराने पट्ट्यासकट दोनशे रुपये सांगितले, मी दिले. घरी येऊन टाके उसवले आणि फूल उलटं केलं. मागे बर्मिंगहॅमच्या कारखान्याचं नाव आणि तारेची कडी. ते गणवेशाचं बटण होतं.

त्यातलं सगळ्यात बोलकं अंग म्हणजे ती कडी. आतून एकाच बाजूला खोल झिजलेली. दोऱ्याने शिवलेल्या बटणाची कडी अशी झिजत नाही, लोखंडी रिंगेने झिजते. खाकी ड्रिलचा कोट पलटणीच्या धोब्याकडे जायचा आणि धोबी तो दगडावर आपटायचा. म्हणून बटणं कपड्याला शिवत नसत. कापडाला काजासारखी भोकं असत, त्यातून कडी मागे काढायची आणि आतून रिंग अडकवायची. धुवायला देताना सगळी बटणं काढायची, परत आल्यावर घासून पुन्हा लावायची. त्या एका चरीत कुणा माणसाची दोन-पाच वर्षांची रोजची सकाळ होती.

नव्याने हा नाद लागलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते. बिल्ला ही सुटी वस्तू नाही, तो कपड्याचा भाग आहे. अंगावर तो कुठे होता, कशाने अडकवला होता आणि रोज कोणता भाग घासला जात होता, हे कळल्याशिवाय घेतलेला बिल्ला म्हणजे नुसतं पितळ. त्यामुळे पैसे काढायच्या आधी खालच्या क्रमाने जा.

पहिलं काम: अंग शिकून घ्या

डोकं, गळपट्टी, खांदा, दंड, छाती, कंबर. वहीत माणसाची आकृती काढा आणि या सहा जागा मांडा. पुढे हाती येणारी प्रत्येक वस्तू यातल्या एका जागी बसवायची.

डोक्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. फेटा म्हटला की त्यावर समोर चकचकीत बिल्ला, असं चित्र आपल्या मनात असतं. काही पलटणींत फेट्याला बिल्ला होता, हे खरं. पण पहिल्या महायुद्धातल्या हिंदी पायदळाचे रणांगणावरचे फोटो काढून बघा. बहुतेक फेटे मोकळे आहेत. माणूस कुठला हे फेटा बांधण्याच्या पद्धतीवरून कळायचं. शिखांचा बांध वेगळा, पंजाबी मुसलमानांचा कुल्हा नावाच्या टोकदार टोपीवरचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा. पलटण कोणती हे कळायचं खांद्यावरून. गोरे अधिकारी भेंडाच्या टोपीवर, म्हणजे आपण सोला हॅट म्हणतो तिच्यावर, आणि गळपट्टीवर बिल्ले लावत. त्यामुळे ‘शिपायाच्या फेट्याचा बिल्ला’ म्हणून कुणी काही दाखवलं, तर त्या पलटणीचा फेट्यासह फोटो आधी शोधा.

गळपट्टीचे बिल्ले लहान असतात आणि जोडीने येतात. त्यावर प्राणी किंवा एका बाजूला तोंड असलेलं चिन्ह असेल तर डावा-उजवा एकमेकांचे आरसे असतात आणि तोंडं आतल्या बाजूला, एकमेकांकडे. बाजारात जोडी म्हणून दोन्ही उजवेच देतात. टेबलावर शेजारी ठेवून बघितले की लगेच कळतं.

जुन्या हिंदी अधिकाऱ्यांच्या बाबतीत गळपट्टी आणखी एक गोष्ट सांगते. १८५७ च्या बंडानंतरच्या काळात सुभेदार गळपट्टीच्या दोन्ही बाजूंना किंवा कुर्त्याच्या उजव्या छातीवर सोनेरी आडव्या-तिडव्या दोन तलवारी लावत. १९०० नंतर हा हुद्दा खांद्यावर गेला: सुभेदाराला दोन तारे, जमादाराला एक. फोटोत एखाद्याच्या गळ्याशी तलवारी दिसल्या, तर फोटो कोणत्या काळातला हे तिथेच निम्मं उलगडतं. ताऱ्याखालची लाल-पिवळी-लाल फीत आणखी पुढची, दुसऱ्या महायुद्धानंतरची.

खांदा ही शिपायाची खरी जागा. खांदपट्टीच्या टोकाला पितळी अक्षरं किंवा अर्धगोल पट्टी, तिच्यावर पलटणीचा आकडा आणि नावाची आद्याक्षरं. मागे दोन किंवा तीन कड्या, त्या कापडातून आत जायच्या आणि एक पिन आडवी सरकवायची. नवे संग्राहक या पट्ट्यांकडे बघत नाहीत, कारण त्या दिसायला साध्या. माझं मत उलटं आहे. साध्या शिपायाच्या अंगावर रोज असलेली, त्याने स्वतः घासलेली वस्तू हीच. सुरुवात करायची तर इथून करा.

दंडावर फिती: लान्स नाईकला एक, नाईकला दोन, हवालदाराला तीन, टोक खाली. दुसऱ्या महायुद्धात दंडाच्या वरच्या टोकाला, खांद्याच्या शिवणीखाली, डिव्हिजनचं, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेल्या मोठ्या फौजेचं, कापडी चिन्ह आलं, दोन्ही बाहींवर. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्यावर लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीचं काळं मांजर, एकोणिसावीचा खंजीर धरलेला हात, तेविसावीचा झुंजणारा कोंबडा. प्राण्याचं तोंड बहुधा पुढच्या दिशेला ठेवत, म्हणून इथेही डावं-उजवं वेगळं असू शकतं. बाजारातल्या शिंप्याकडून घाईत करून घेतलेल्या चिन्हांत ही शिस्त नेहमी पाळलेली नसते, त्यामुळे दोन सारखी निघाली म्हणून लगेच टाकून देऊ नका.

हे चिन्ह पलटणीचं नसून डिव्हिजनचं असतं, आणि नवे लोक हमखास गडबडतात ते इथेच. पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिसऱ्या बटालियनच्या यशवंत घाडगे यांना तो इटलीतच, १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी, मरणोत्तर मिळाला. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, पण एक बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये आणि दुसरी दहाव्या. रेजिमेंट एक, दंडावरची चिन्हं दोन. ‘मराठा पलटणीचं डिव्हिजन चिन्ह’ अशी एकच वस्तू नसते.

दुसरं काम: मुकुट आणि आकडा वाचायला शिका

बिल्ल्याचा काळ ठरवण्याची पहिली खूण मुकुट. व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे १९०१ पर्यंतचा मुकुट पसरट असतो, त्याच्या कमानी मधे खचतात. १९०१ ते १९५२ या राजांच्या काळातला मुकुट घुमटासारखा, कमानी सरळ गोलाकार वर जाऊन मिळतात. १९५२ नंतर एलिझाबेथ राणीचा मुकुट आला, त्याच्या कमानी पुन्हा मधे खचलेल्या, पण आकार उंच. आता हे लक्षात घ्या: २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आले. म्हणजे एलिझाबेथच्या मुकुटाचा भारतीय पलटणीचा बिल्ला असूच शकत नाही. असा बिल्ला ‘ब्रिटिश काळातला’ म्हणून कुणी विकत असेल तर तिथून उठा.

मुकुटाखाली गुंफलेली अक्षरं असतात. व्ही. आर. आय. म्हणजे व्हिक्टोरिया. ई. आर. आय. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी. आर. आय. म्हणजे पाचवा किंवा सहावा जॉर्ज, त्यामुळे एवढ्यावरून काळ नक्की होत नाही. शेवटचा ‘आय’ सम्राट या पदवीचा. ती पदवी १८७६ साली घेतली गेली.

आकड्यांची गोष्ट मुंबई इलाख्यापुरती सांगते, कारण आपल्याकडे तीच कामाची. १९०३ साली सरसेनापती किचनरने सगळ्या हिंदी पलटणींना नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबईच्या पायदळाच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरी झाली १०३, पाचवी १०५, दहावी ११०, सतरावी ११७. पुढे १९२२ मध्ये या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. १०३ झाली तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ प्रशिक्षणाची दहावी.

यात एक फसवी जागा आहे. बिल्ल्यावर बिगुल आहे आणि पाचचा आकडा आहे. हा १९०३ पूर्वीच्या मुंबईच्या पाचव्या लाइट इन्फन्ट्रीचा, की १९२२ नंतरच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा? दोन्हींत आकडा तोच आणि बिगुलही तोच, कारण बिगुल हे सगळ्याच लाइट इन्फन्ट्रीचं चिन्ह. इथे आकडा सोडा आणि मुकुट बघा. व्हिक्टोरियाचा असेल तर जुनी पाचवी. राजाचा असेल तर बहुधा १९२२ नंतरचा. ‘बॉम्बे’ हा शब्द आहे की ‘मराठा’, हेही बघा. इंग्रजी अक्षरांत मराठा हा शब्द तेव्हा ‘एम’ नंतर ‘ए, एच, आर’ आणि पुढे दोन ‘टी’ असा लिहीत. आजच्या वळणाने लिहिलेला शब्द आणि त्यावर मुकुट, असं एकत्र दिसलं तर नकलाकाराने आजचं नाव जुन्या बिल्ल्यावर चढवलं आहे असं समजा.

महार रेजिमेंटचा इतिहास याच रीतीने वाचता येतो. १११ महार ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, नंतर आडव्या-तिडव्या दोन व्हिकर्स मशिनगन आल्या. स्तंभाच्या बिल्ल्याला मागणी फार, म्हणून नकलाही फार. पहिल्या वर्षात तो घेण्याच्या मागे लागू नका.

तिसरं काम: खान्देशात काय सापडतं ते जाणून घ्या

मराठा पलटणींची मुख्य भरती कोकण, सातारा, पुणे या भागांतली. आपल्याकडे सातारकरांसारखं गावागावांत पितळ निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. खान्देशची संपत्ती वेगळी आहे आणि ती ओळखता आली पाहिजे.

भुसावळ हे त्यातलं पहिलं गाव. जी. आय. पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मोठी वसाहत, लोको शेड, आणि तिथे राहणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं. रेल्वेतल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांची स्वयंसेवक पलटण होती, पुढे ती ऑक्झिलिअरी फोर्समध्ये, म्हणजे अर्धवेळ सहायक दलात, जी. आय. पी. रेल्वे रेजिमेंट म्हणून राहिली. तिच्या वस्तू भुसावळच्या भंगारात अधूनमधून येतात. माझे वडील त्याच शेडमध्ये फिटर होते. ठशाने मारलेलं पितळ आणि वाळूत ओतलेलं पितळ यांतला फरक मला त्यांनी नखाने वाजवून शिकवला. मात्र जी. आय. पी. ही तीन अक्षरं दिसली म्हणजे लष्करी वस्तू असं नाही. गार्ड, हमाल, शिपाई सगळ्यांच्या बिल्ल्यांवर तीच अक्षरं असत. ‘रेजिमेंट’ किंवा ‘व्हॉलंटिअर’ हा शब्द शोधा.

भांड्यांच्या दुकानांत मोडीच्या ढिगात सगळ्यात जास्त येते ती चपरास. कमरेच्या किंवा खांद्यावरून आडव्या घेतलेल्या पट्ट्यावरची पितळी पाटी. चपराशी हा शब्द ‘चपरास’ या शब्दावरूनच आला, आणि पट्टेवाला त्या पट्ट्यावरून. जंगल, महसूल, बांधकाम, पोलिस, सगळ्या खात्यांच्या अशा पाट्या असत. या लष्करी नाहीत, तरी त्यांच्यावरचं नाव काळ सांगतं. खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. नुसतं ‘खान्देश’ लिहिलेली सरकारी पाटी त्यामुळे बहुधा १९०६ पूर्वीची, ‘पूर्व खान्देश’ लिहिलेली त्यानंतरची.

आणि मग खान्देश भिल्ल कोअर. १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावला ही पलटण उभी केली. पुढे ती पोलिसांत विलीन झाली. इथल्या संग्राहकाचा जीव तिच्या वस्तूंत अडकलेला असतो, हे विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मला एकाने ‘भिल्ल कोअर’ अशी अक्षरं असलेला बिल्ला खान्देशचा म्हणून चांगल्या किमतीला दिला. दोन महिन्यांनी कळलं की मेवाड भिल्ल कोअर आणि माळवा भिल्ल कोअर अशा आणखी दोन पलटणी होत्या आणि माझ्या हातात आलेला मेवाडचा होता. वस्तू खरी, गाव खोटं. म्हणून त्या दोन शब्दांच्या आधी काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

याच पलटणीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. सातपुड्यातल्या भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण उभी केली गेली. इथल्या पोलिसी पट्ट्यांचंही तसंच. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीबारात पडला, तेव्हा बंदूक धरणाऱ्याच्या अंगावरही असलाच पट्टा होता. हे बिल्ले मी जपते ते त्यांचा अभिमान वाटतो म्हणून नाही. ते घालणारी माणसं आपली होती, आणि त्यांच्यासमोर उभी असलेलीही. कपाटातल्या चिठ्ठीवर दोन्ही बाजू लिहा.

चौथं काम: उलटं करून बघा

समोरची बाजू सगळेच बघतात. खरं-खोटं मागून कळतं.

ठशाने मारलेल्या बिल्ल्याची मागची बाजू पोकळ असते आणि समोरच्या उठावाचे खोलगट ठसे तिच्यावर दिसतात. ओतलेला बिल्ला मागून सपाट, बारीक छिद्रांचा, कडेला कानशीचे ओरखडे. खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेली नक्कल मूळ मापापेक्षा किंचित लहान निघते, कारण धातू थंड होताना आकसतो. म्हणून मापपट्टी खिशात ठेवा. लोहचुंबकही ठेवा, चिकटला तर ते पितळ नाही, वरून मुलामा दिलेलं लोखंड आहे.

एवढं वाचून ‘ओतीव म्हणजे खोटा’ असं मात्र ठरवू नका. विलायतेतल्या बिल्ल्यांना तो नियम बराच लागू पडतो, आपल्याकडच्यांना नाही. अनेक पलटणींनी छावणीच्या बाजारातल्या कारागिरांकडून बिल्ले करून घेतले, आणि ते वाळूत ओतूनच होत. ते ओबडधोबड असतात आणि शंभर टक्के खरे असतात. अशा वेळी निर्णय झिजेवर करायचा.

झीज कशी वाचायची? शिपाई बिल्ला रोज घासायचा, पण फक्त समोरून. म्हणून मुकुटाचा माथा, आकड्याची टोकं, बिगुलाचा फुगवटा गुळगुळीत होतो. खाचांत पॉलिशचा पांढरट कीट साचून दगडासारखा घट्ट होतो. मागची बाजू मात्र काळसर तपकिरी, कुणी हात न लावलेली. कड्या पिनेने एका बाजूला घासलेल्या. नकली बिल्ल्याला रसायनाने काळं केलेलं असतं, त्यामुळे पुढे-मागे, उंच-खोल, सगळीकडे रंग सारखाच. तिरप्या उन्हात धरून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही, बाहेर ओट्यावर या.

कडी तुटून नवी झाळलेली असेल तर नाराज होऊ नका. बिल्ला वापरात होता आणि कुणीतरी तांबटाकडून दुरुस्त करून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. झाळ जुनी असेल तर तीही करडी, मळकट दिसते.

अधिकाऱ्यांचे बिल्ले चांदीचे किंवा काळपट ब्राँझचे असत. चांदीवर बारीक शिक्के असतात, त्यात नांगर दिसला तर माल बर्मिंगहॅमचा. कापडी चिन्हांसाठी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च वापरा. महायुद्धाच्या काळातला सुती धागा त्या प्रकाशात मंद राहतो, आजचा पॉलिएस्टर धागा निळसर पेटतो.

पाचवं काम: घासू नका

आपल्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. दसऱ्याला देवघरातली भांडी लखलखीत करायची सवयच आहे. मी अगदी सुरुवातीला मिळालेली एक खांदपट्टी चिंच आणि राखेने घासली. दहा मिनिटांत ती सोन्यासारखी झाली, आणि खाचांतला तो घट्ट कीट, मागचा काळा थर, म्हणजे ती खरी असल्याचा सगळा पुरावा, मोरीतून वाहून गेला. आज तिच्याकडे बघून ती शंभर वर्षांची की पाच वर्षांची, हे मलाही सिद्ध करता येणार नाही.

हिरवा गंज दिसला तर तेवढाच काढायचा. बांबूची टोकदार काडी, मऊ ब्रश, गाळलेलं शुद्ध पाणी, आणि लगेच सुकवणं. बस.

आपल्या हवेत दोन शत्रू आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पंचेचाळीस अंशांपर्यंत पारा जातो, तेव्हा कापड आणि चामडं तडकतं. त्यानंतर लगेच पावसाळी दमट हवा, तेव्हा पितळ हिरवं पडतं. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. चिकटपट्टी, रबर बँड, मऊ प्लास्टिकच्या पिशव्या, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड यांपैकी काहीही बिल्ल्याला टेकू देऊ नका. धुऊन खळ काढलेलं मलमल सगळ्यात उत्तम. कापडी चिन्हांत कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पुरचुंडीत बांधून, थेट नाही, त्याचे डाग पडतात.

घरातला बिल्ला

तीसेक वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात मला कुणी सांगितलं की अमक्या घरी जुना बिल्ला आहे. गेले. घरातल्या आजींनी देव्हाऱ्यातून कुंकवाने माखलेली अर्धगोल पितळी पट्टी काढून हातात दिली. आकडा ११०. मी विचारलं, ‘आजी, किती घ्याल?’ हा प्रश्न विचारायलाच नको होता. त्या म्हणाल्या, ‘हाऊ मन्हा सासराना शे, माय. इकाना नही.’ मग पट्टी माझ्या हातून घेऊन त्यांनी स्वतःच्या खांद्याच्या टोकावर धरली. ‘आठे ऱ्हाये.’ सासऱ्यांना बघितलेल्या माणसाने जागा दाखवली होती. ते ‘बसराले’, म्हणजे बसऱ्याला, गेले होते, एवढंच घरात माहीत होतं.

११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज उपासमारीने शरण गेली. हे मी त्या घरी परत जाऊन सांगितलं. त्यांच्या घरात तोवर हे नाव कधी उच्चारलं गेलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. घरातून बिल्ला आणायचा नाही. दोन्ही बाजूंचे फोटो घ्यायचे, शेजारी मापपट्टी ठेवून. अंगावर कुठे होता ते घरच्यांना हाताने दाखवायला सांगायचं. ते जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायचं, अहिराणीतलं वाक्य पुस्तकी मराठीत फिरवायचं नाही. एक छापील प्रत आणि पलटणीची माहिती त्यांना नेऊन द्यायची. बाजारातून, मोडीतून, वितळायच्या कढईतून जे वाचतं ते आपण घ्यावं. देव्हाऱ्यात आहे ते सुरक्षितच आहे. घरचे हळद-कुंकू लावतात म्हणून नाक मुरडू नका, आणि ते पुसूही नका.

कायद्याचं थोडक्यात

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धातले बिल्ले आता या मर्यादेत आले आहेत, म्हणून परदेशातल्या कुणाला पाकिटातून बिल्ला पाठवण्याआधी थांबा. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निधीचा कायदा लागतो, खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. यंत्र घेऊन जुन्या छावणीच्या जागा उकरत हिंडू नका. संगिनी आणि तलवारींना शस्त्र कायदा आहे, तो वेगळा विषय. आणि लोकांना आपण सैनिक वाटावं म्हणून गणवेश किंवा बिल्ला अंगावर घालणं हा गुन्हा आहे.

वही

शेवटचं काम पहिल्या दिवसापासून करायचं. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. तो सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा, बिल्ल्यावर कागद चिकटवू नका. वहीत त्याच क्रमांकाखाली: कुठे मिळाली, कधी, किती रुपयांना, मागे काय लिहिलं आहे, कड्या किती, झीज कुठे, मुकुट कोणता, आणि अंगावरची जागा. जे कळलं नाही त्याची जागा कोरी ठेवा, अंदाजाने भरू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी माहिती विचारायला जाल तेव्हा बिल्ला नसला तरी चालेल, ही वही न्या.

नमुना म्हणून माझ्या वहीतली त्या घरची नोंद देते:

‘क्र. ३१. फक्त फोटो, मूळ वस्तू घरी, देव्हाऱ्यात. खांद्याची अर्धगोल पट्टी, पितळ, आकडा ११०. कड्या तीन, मधली तुटलेली. समोरून झीज भरपूर, मागून काळी. कुंकू आहे, पुसलेलं नाही. जागा: खांद्याचं टोक, सुनेने हाताने दाखवली. डावा की उजवा:’

पुढे कोरं आहे.